वाचकांचे प्रश्न: अँबॅसिडरची काच सारखी का अडकते?

पाऊस सुरू झाला की जुन्या गाड्यांच्या काचांचे प्रश्न येणार हे ठरलेलंच, यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त काचेचीच आहेत. सांगलीच्या एका सरांचं पत्र सगळ्यात सविस्तर आहे आणि त्यांच्यासारखाच त्रास बऱ्याच जणांनी काढलाय, म्हणून त्यांना जास्त जागा देतोय, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: नमस्कार. मी सांगलीत राहतो, शाळेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. वडिलांनी 1984 साली घेतलेली अँबॅसिडर मार्क फोर, पेट्रोल, अजून आमच्या दारात उभी आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी मी ती बाहेर काढतो. पण ड्रायव्हर साइडच्या काचेने वैताग आणलाय. दोन वर्षांत दोनदा काच वर-खाली करणारं दारातलं मशीन बदललं. नवीन बसवलं की महिना-दोन महिने छान चालतं, मग हँडल जड व्हायला लागतं, मग दोन्ही हातांनी फिरवावं लागतं आणि एक दिवस कट्ट आवाज येऊन हँडल नुसतंच गरगर फिरतं. मागच्या आठवड्यात विश्रामबागेतून घरी येताना गाडी खड्ड्यात आदळली आणि काच धाडकन दारात गेली, वरून पाऊस, घरापर्यंत भिजत आलो. गॅरेजवाला म्हणतो तिसरं मशीन टाकू. 2019 च्या पुरात गाडी तीन दिवस पाण्यात होती, सीटपर्यंत पाणी होतं, इंजिनचं काम तेव्हाच पूर्ण करून घेतलंय, काचेचा त्याच्याशी काही संबंध असेल का? गाडी विकायचा विषय नाही, वडिलांची आहे.

उत्तर: सर, नमस्कार. पुराची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत पण माझ्या मते दुखणं तिथंच आहे. तिसरं मशीन आणू नका, निदान मी सांगतो तेवढं बघेपर्यंत तरी.

काच वर-खाली होते कशी ते आधी बघू, म्हणजे पुढचं सगळं लगेच लक्षात येईल. तुम्ही हँडल फिरवता तेव्हा आत एक छोटं दात्यांचं चाक फिरतं, ते अर्ध्या चंद्रासारख्या मोठ्या दात्याच्या पट्टीला ढकलतं, त्या पट्टीला एक लांब पोलादी हात असतो आणि हाताच्या टोकाला रोलर. हा रोलर काचेच्या बुडाला बसवलेल्या पत्र्याच्या पन्हळीत सरकतो आणि काच उचलतो. मशीनचं काम एवढंच, उचलायचं. काच सरळ ठेवायचं, डगमगू न द्यायचं काम दोन बाजूंच्या उभ्या चॅनलचं, ज्याला आपल्याकडे रनर पण म्हणतात. एक चॅनल मागच्या बाजूला दाराच्या फ्रेममध्ये असतं आणि दुसरं पुढे, त्रिकोणी काचेच्या उभ्या दांडीत. त्यांच्या आत फेल्ट म्हणजे मखमलीसारखी पट्टी असते, तिच्यातून काच अलगद सरकते.

आता ही फेल्ट कडक झाली, तिच्यात माती बसली किंवा मागचा पत्रा गंजून फुगला की चॅनलची फट बारीक होते आणि काच आवळली जाते. तुम्ही वरून जोर लावता, काच हलत नाही, मग तो सगळा जोर जातो कुठे? त्या छोट्या चाकाच्या दोन-तीन दात्यांवर आणि हाताच्या रिव्हेटवर. म्हणून नवीन मशीन दोन महिने टिकतं, त्याचे दाते कोरे असतात तोवर ते रेटून नेतं, मग झिजतं आणि तुटतं. तुमची दोन्ही मशीनं काच ओढून ओढून मेलीत सर, खराब होती म्हणून नाही.

पुराच्या पाण्याचं सांगतो. 2019 चा ऑगस्ट संपल्यावर सांगली भागातल्या काही गाड्या आमच्याकडे साताऱ्याला आल्या होत्या, सगळ्यांनी इंजिन खोललेलं, सीटा उन्हात घातलेल्या, वायरिंग बदललेलं, पण दारं कुणीच उघडली नव्हती. एका गाडीचं डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढलं तर आत तळाशी चार बोटं गाळ, वाळून त्याच्या भेगा पडलेल्या, अगदी उन्हाळ्यात तळ्याचा तळ दिसतो तसा. चमच्याने खरवडून काढला तर त्यात चार आण्याचं एक नाणं निघालं, ते बंद होऊन किती वर्षं झाली, म्हणजे ते पुराच्या कितीतरी आधीच काचेच्या फटीतून आत पडलेलं असणार. कृष्णेचा गाळ लई बारीक असतो, पिठासारखा, तो पाण्याबरोबर फेल्टच्या धाग्या-धाग्यात शिरतो आणि वाळला की सिमेंटसारखा धरतो. वरून चॅनल धुतलं तरी तो निघत नाही. शिवाय तळाची भोकं बुजतात हा वेगळा त्रास. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला दोन-तीन भोकं किंवा चिरा असतात, काचेवरून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडायला हवं. ती बंद असली तर प्रत्येक पावसात दारात पाणी साठतं आणि पत्रा आतून खातो.

त्यामुळे पहिलं काम, पॅड काढा. हँडल कसं निघतं ते गाडीगाडीवर आहे आणि मधल्या काळात कुणी काय बसवलंय त्यावरही आहे, कुठे मधोमध स्क्रू असतो, कुठे मागची चकती आत दाबली की आडवी पिन दिसते ती ठोकून काढायची, आणि कुठे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. क्लिप असेल तर पेचकस घालून पॅड फाडू नका, जुन्या सुती कापडाची पट्टी हँडल आणि चकतीच्या मधे घाला आणि चांभार जोडा पुसतो तशी दोन्ही टोकं धरून सरासरा ओढा, कापडाचा धागा क्लिपला अडकतो आणि क्लिप टुण्णकन उडते, म्हणून दुसरा हात वर धरून ठेवा, नाहीतर ती अंगणात शोधत बसाल.

पॅड निघालं की आधी टॉर्चने तळ बघा. गाळ असेल तर कोरडाच खरवडा, मग ब्रश, मग व्हॅक्यूम, आणि सगळ्यात शेवटी थोडं पाणी सोडून बघा भोकांतून धार लागते का. धार लागली पाहिजे, नुसतं थेंब थेंब नको.

मग खरी परीक्षा. मशीनचा रोलर पन्हळीतून सोडवा, काच दोन्ही तळव्यांत धरा आणि हाताने वर-खाली करून बघा. चांगल्या चॅनलमध्ये काच थोड्या जोराने पण सलग सरकते आणि सोडली तर हळूहळू खाली येते. तुमच्या गाडीत मला वाटतं ती जागच्या जागी अडकून राहील, दोन्ही हात लावूनसुद्धा. तसं झालं तर निकाल लागला, मशीनला हातही लावू नका, चॅनल बदला. ही परीक्षा दहा मिनिटांची आहे आणि कुठल्याही गॅरेजमध्ये करून मागा, काच हातात धरून न बघता मशीन बदलायला सांगतो त्याला जरा थांबवा.

अडकते कुठे तेही नीट बघून ठेवा. खालपासून वरपर्यंत सारखीच जड असेल तर फेल्ट आणि गाळ. फक्त शेवटचे दोन इंच जड असेल तर दाराची फ्रेम वाकलेली असते, कारण आपल्याकडे दार लावताना हँडल सोडून काचेच्या फ्रेमला धरून ओढायची सवय आहे, चाळीस वर्षं ओढली की ती आत झुकते. आणि खाली हलकी, मधे जड असं असेल तर पुढच्या दांडीचं खालचं टोक बघा. त्याला एक बोल्ट असतो, तो थोडा सैल करून दांडी जरा मागे-पुढे होते, काच खडखडते म्हणून कुणीतरी कधीतरी ती आवळून ठेवलेली असते.

नवी फेल्ट चॅनल मीटरवर मिळते. काचेची जाडी मोजून आणा, जुन्या फेल्टचा चार इंचाचा तुकडा बरोबर न्या, अंदाजाने आणलेलं चॅनल आवळतं आणि तुम्ही परत पहिल्या पानावर. पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांचं सामान बघणारे अजून आहेत, आणि अँबॅसिडरचं जे कुठेच सापडत नाही ते कोलकात्यात मल्लिक बाजारला बघायचं, शेवटी गाडी तिकडचीच, उत्तरपाड्याची, 2014 ला तिथला कारखाना थांबला तरी त्या भागात सामान फिरतंय. बसवायच्या आधी लोखंडी चॅनल घासून गंज काढा, रेड ऑक्साईड म्हणजे गंज रोखणारा रंग मारा, पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर फेल्ट बसवली तर ती तिथंच चिकटून बसते.

ग्रीसबद्दल कळकळीने सांगतो, कारण हीच चूक सगळ्यात जास्त होते. काच जड झाली की लोक चॅनलमध्ये ग्रीस नाहीतर ऑईल सोडतात. दोन दिवस काच पळते, मग त्या ग्रीसला ऊसाच्या रस्त्याची सगळी धूळ चिकटते आणि त्याचा मलम होतो, वर रबर फुगतं ते वेगळं. ग्रीस फक्त मशीनच्या दात्यांना, रोलरला आणि काचेखालच्या पन्हळीत आतून. चॅनलला सिलिकॉन स्प्रे, तो नसेल तर साधी टाल्कम पावडर चिमूटभर.

आता काच धाडकन पडली त्याचं. दोन शक्यता आहेत. एक, रोलर पन्हळीतून सुटला, तो परत घालायचा, पन्हळीचं तोंड फाकलं असेल तर पक्कडने हळू आवळायचं. दुसरी, काचच पन्हळीतून निघाली. पन्हळ आणि काच यांच्यामधे रबराची पट्टी असते आणि नुसत्या घट्टपणावर काच त्यात बसलेली असते, पट्टी वाळली की खड्ड्यात काच सुटते. मला तुमचं दुसरं वाटतंय कारण गाडी आदळल्यावर पडली. अशा वेळी काच बाहेर काढायच्या आधीच पन्हळ काचेच्या कडेपासून किती अंतरावर होती त्याची खूण स्केचपेनने करून ठेवा, काचेवर जुना डाग असतोच. अर्धा इंच इकडे-तिकडे झाली तर काच तिरकी चढते आणि नवीन चॅनलसुद्धा खाऊन टाकते. नवीन पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवून काचेच्या कडेवर चढवायची, पन्हळ वर ठेवायची आणि रबरी हातोडीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टपटप मारत न्यायची. मधोमध एकच जोरात मारला तर काच गेली.

मशीन काढायची वेळ आलीच तर एक धोका लक्षात ठेवा. काचेचं वजन तोलायला त्यात घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती कायम ताणलेली असते. मशीन दाराबाहेर काढून दात्याची पट्टी मोकळी सोडली की ती सट्टकन फिरते आणि बोट मधे असेल तर फाटतं. आमच्या एका पोराला चार टाके पडलेत त्यापायी. आधी पट्टीच्या भोकातून बोल्ट घालून ती जाम करा, मगच पुढे.

आणि पडलेल्या काचेच्या कोपऱ्यात शिक्का आहे का बघा. दाराची काच टफन असते, फुटली तर बारीक दाणे होतात. टफन काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलं की सगळीच फुटते, म्हणून आपल्याकडे कधीकधी काचेच्या दुकानातून खिडकीची साधी काच कापून दारात बसवतात. ती बसते छान आणि दिसतेही छान, पण अपघातात तिचे सुरे होतात आणि ती तुमच्या गळ्याच्या उंचीवर असते. शिक्का नसेल तर काच बदला, बाकी सगळं काम मागे राहिलं तरी चालेल.

उरलेली तीन दारंही उघडा सर. पुरात चारही दारं बुडाली होती, मागच्यांच्या काचा रोज खाली होत नाहीत म्हणून अजून कळलं नाहीये एवढंच.

प्रश्न: दादा, आमच्याकडे 1996 ची प्रीमियर पद्मिनी आहे, साताऱ्यात सदर बझारला राहतो. काचा नीट चालतात पण जोराचा पाऊस झाला की ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं होतं. काचेची बाहेरची रबर बीडिंग बदलली, तरी तेच. दाराच्या पॅडचा खालचा भाग पण फुगलाय.

उत्तर: ताई, बीडिंग कितीही नवीन असली तरी थोडं पाणी दारात जाणारच, दार तसंच बनवलेलं असतं, आत जाऊ द्यायचं आणि तळाच्या भोकांतून बाहेर काढायचं. तुमच्याकडे पॅडच्या मागचा प्लास्टिकचा कागद गेलेला आहे. कंपनीतून तो असतो, पण कुणीतरी कधीतरी स्पीकर बसवायला नाहीतर लॉक दुरुस्त करायला पॅड काढतं, कागद फाटतो आणि तो परत लावायचा कुणाच्या डोक्यात येत नाही. मग पाणी पॅडच्या पुठ्ठ्यावर येतं, पुठ्ठा फुगतो आणि पाणी पायाशी उतरतं.

जाड पॉलिथिन आणा. वाई-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर अंथरतात तो कागद घरात सहज सापडतो म्हणून लोक तोच लावतात, पण तो फार पातळ, हँडलच्या घासण्याने महिन्यात फाटतो. शेडवर टाकतात तसला जाड घ्या. दाराच्या कडेने चिकट ब्युटाइल टेप लावून बसवा, आणि यातली मेख अशी की कागदाची खालची कड दाराच्या आतल्या पत्र्याच्या चिरेतून आत घालायची, बाहेर ठेवायची नाही. बाहेर ठेवली तर कागदावरून ओघळलेलं पाणी परत पॅडवरच येतं आणि सगळी मेहनत वाया. फुगलेला पुठ्ठा वाळवून उपयोग नाही, त्याच्याच मापाचा नवीन कापून घ्या, आणि रेक्झिन चढवायच्या आधी मागच्या बाजूला वॉर्निशचा हात मारा.

प्रश्न: माझ्याकडे आजोबांची 1970 ची फियाट आहे, सातारा. सगळे म्हणतात पॉवर विंडो बसव, किट मिळतं. बसवू का? आणि काळी फिल्म लावली तर चालेल का, ऊन फार लागतं.

उत्तर: फिल्म नको. बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, आणि 2012 साली सुप्रीम कोर्टाने काचेवर नंतर चिकटवलेल्या फिल्मवर बंदीच घातली होती.

पॉवर विंडोचं माझं मत स्पष्ट आहे, नको. जुन्या चॅनलमध्ये मोटर लावली की ती वर सरांच्या गाडीत झालं तेच करते, फक्त जास्त जोराने, हाताला जड लागतं ते कळतं तरी, मोटरला कळत नाही, ती तशीच रेटत राहते आणि फ्यूज उडवते नाहीतर वायर गरम करते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुझी गाडी 50 वर्षांच्या पुढे गेलीय, म्हणजे 2021 च्या नियमाप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी आणि मोठे बदल केलेले नकोत. दाराला भोकं पाडून बटणं बसवल्यावर मूळ रूप दाखवणार कसं? हां, त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, तेव्हा तू ती रोज चालवतोस का हे आधी ठरव. पण तेवढ्यासाठीसुद्धा आजोबांच्या हँडलला हात लावू नकोस.

प्रश्न: दादा, मिरजेहून लिहितोय. डुक्कर फियाट, म्हणजे पन्नासच्या दशकातली जुनी फियाट 1100, घेतलीय, प्रोजेक्ट म्हणून. पुढच्या त्रिकोणी काचा आधीच्या मालकाने सिलिकॉन लावून कायमच्या बंद केल्यात, एक काच तरी लई खडखडते. उघडता येतील का?

उत्तर: भावा, आधी अभिनंदन, उलटे उघडणारे पुढचे दरवाजे आता बघायला मिळत नाहीत, ते जप. काचा उघडतील पण घाई करू नकोस. सिलिकॉन ब्लेडने नाही तर मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीने काप, दोरी काचेच्या आणि फ्रेमच्या मधे घालून करवतीसारखी ओढायची, रंगाला ओरखडा येत नाही. खाली पत्रा गंजलेला निघेल अशी तयारी ठेव, कारण नेहमीचं सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना ॲसिड सोडतं आणि उघड्या लोखंडाला गंज धरतो. त्यामुळे बंद काच आतून खात असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

काच खडखडायचं कारण बहुतेक खालची खुंटी सैल आहे. त्रिकोणी काच वर एका पिनवर आणि खाली एका खुंटीवर फिरते, खालच्या खुंटीला दाराच्या आत स्प्रिंग आणि नट असतो, काच जिथे सोडू तिथे थांबते ती त्या नटामुळे. पॅड काढ, नट अर्धा आटा आवळ, काच बोटाने ढकलून बघ, परत अर्धा आटा. साठच्या स्पीडला उघडी काच वाऱ्याने स्वतः बंद होत नसेल तिथे थांब. नवीन रबर मात्र नट आवळायच्या आधी बसव, नंतर ते आत जात नाही.